जुन्या विंडोजवर पेनड्राइव्ह चालत नाही म्हणे!

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज पुन्हा फिरतोय. आशय असा: विंडोज ९८ आणि एक्सपीवर पेनड्राइव्ह चालत नाही, कारण मायक्रोसॉफ्टने सपोर्ट बंद केला. हल्लीचे पेनड्राइव्ह यूएसबी ३.० असतात, ते जुन्या पोर्टला चालत नाहीत. चालवायचाच असेल तर एनटीएफएसमध्ये (डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची एक पद्धत) फॉरमॅट करा, नेटवरून ड्रायव्हर पॅक (उपकरण ओळखायला विंडोजला लागणारं सॉफ्टवेअर) उतरवून टाका. तरीही नाही चालला तर पीसी भंगारात काढा. खाली अर्थातच ‘सर्व कारखानदार मित्रांना पाठवा’. लोक पाठवतातही, आणि मग एखादा शेठ चांगल्या चालत्या मशीनशेजारचा पीसी बदलायला कोटेशन मागवतो.

आधी सपोर्टचं बघू. ९८ चा सपोर्ट ११ जुलै २००६ ला संपला, एक्सपीचा ८ एप्रिल २०१४ ला. तारखा खऱ्या आहेत, त्यातून काढलेला अर्थ खोटा. सपोर्ट संपला म्हणजे नवीन दुरुस्त्या येणं थांबलं. हार्डडिस्कवर आधीपासून असलेला ड्रायव्हर त्या दिवशी उठून निघून गेला नाही. एक्सपीत पेनड्राइव्हचा ड्रायव्हर पहिल्या दिवसापासून आहे आणि आजही तो तितकंच काम करतो.

९८ ची गोष्ट निराळी, आणि मेसेज लिहिणाऱ्याने दोघांना एकाच दावणीला बांधलं इथेच सगळा घोळ आहे. ९८ बाजारात आलं जून १९९८ मध्ये. तेव्हा पेनड्राइव्ह ही वस्तूच नव्हती. आयबीएमचा ८ एमबीचा पेनड्राइव्ह २००० च्या अखेरीस विकायला आला. त्यामुळे ९८ ला यूएसबी कळतं, माउस-कीबोर्ड चालतो, पण ‘कुठलाही पेनड्राइव्ह लावा’ असा सर्वसाधारण ड्रायव्हर त्यात नाही. त्याच्या १९९९ च्या सुधारित आवृत्तीत, सेकंड एडिशनमध्येही नाही. तो आला २००० साली, विंडोज २००० आणि विंडोज एमईमध्ये. म्हणून त्या काळच्या पेनड्राइव्हच्या डब्यात ९८ साठी एक छोटी सीडी असायची. म्हणजे सपोर्ट जोरात चालू होता तेव्हासुद्धा ९८ ला बाहेरून ड्रायव्हर द्यावाच लागायचा. (विंडोज एनटी ४ मध्ये मुळात यूएसबीच नाही. तिथे डोकं लावू नका.)

आता ‘नेटवरून ड्रायव्हर पॅक टाका’. एक्सपीला त्याची गरज नाही, आणि पहिल्या दिसेल त्या साइटवरून पॅक उतरवणं म्हणजे पैसे न देता व्हायरस घरी बोलावणं. ९८ ला मात्र एक पॅक खरंच लागतो. जुन्या पीसीवर काम करणारे त्याला ‘नेटिव्ह यूएसबी’ म्हणून ओळखतात. विंडोज एमईमधल्या फाइली घेऊन तो कुणी हौशी माणसाने बांधला आहे, मायक्रोसॉफ्टचा नाही. तो फक्त सेकंड एडिशनसाठी आहे, आणि तोही इंग्रजी विंडोज असेल तर इंग्रजीचाच घ्यायचा. आपलं ९८ कुठलं ते ‘माय कॉम्प्युटर’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये बघा. ४.१०.२२२२ ए दिसलं तर सेकंड एडिशन. ४.१०.१९९८ दिसलं तर ती पहिली आवृत्ती, तिच्यावर हा पॅक टाकू नका.

टाकण्याची रीत मेसेजमध्ये नाही, आणि हात पोळतात ते तिथेच. सगळ्यात आधी हार्डडिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढून दुसरीकडे ठेवा. मशीनचं सॉफ्टवेअर देणारी कंपनी आता असेलच असं नाही. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन पिवळं प्रश्नचिन्ह लागलेल्या नोंदी आणि आधीचे यूएसबी ड्रायव्हर काढून टाका. ‘न्यू हार्डवेअर’ची खिडकी मध्येच उघडली तर रद्द करा. पॅक चालवा, पीसी रीस्टार्ट करा, आणि त्यानंतरच पेनड्राइव्ह लावा. यात एक गंमत आहे: यूएसबीच्या नोंदी काढल्या की यूएसबी माउस आणि कीबोर्डही गप्प होऊ शकतात. त्यामुळे जुना गोल पिनचा, पीएस-टू कीबोर्ड हाताशी ठेवूनच बसा. एम. जी. रोडच्या दुकानांत तो आता शोधावा लागेल, पण आपल्याच शेडच्या माळ्यावर एखादा पडलेला असतो.

‘३.० चा पेनड्राइव्ह जुन्या पोर्टला चालत नाही’ हे धडधडीत चूक आहे. ३.० च्या प्लगमध्ये जुन्या चार पिना जशाच्या तशा असतात, नव्या पाच वेगळ्या जोडलेल्या असतात. जुन्या पोर्टला लावला की तो जुन्या चार पिनांवर बोलतो. वेग तेवढा पोर्टचा मिळतो. यूएसबी १.१ असेल तर १२ मेगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला जेमतेम एक एमबी. सातशे एमबी कॉपी करायला घातले तर चहा पिऊन या, पीसी हँग झालेला नाही. सीएनसीचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनचा, प्रोग्रॅम मात्र बहुधा काही केबींचा असतो, तो लगेच जातो.

उलट प्रकार खरा आहे, आणि बहुतेक तोच कुणीतरी ऐकून उलटा लिहिला असावा. थोड्या नव्या मदरबोर्डवर एक्सपी टाकलेलं असेल, तर निळं पोर्ट मेलेलं दिसतं, कारण ३.० च्या कंट्रोलरचा, म्हणजे ते पोर्ट चालवणाऱ्या चिपचा, ड्रायव्हर एक्सपीत नाही. विंडोज ७ मध्येही नाही. तो विंडोज ८ पासून आला. तोच पेनड्राइव्ह शेजारच्या काळ्या पोर्टला लावा. पीसी बदलायचं कोटेशन एवढ्यावरही वाचू शकतं.

एनटीएफएसचा सल्ला सगळ्यात महागात पडणारा. ९८ ला एनटीएफएस वाचताच येत नाही. त्याला फॅट आणि फॅट३२ या दोन जुन्या पद्धतीच कळतात. अनेक सीएनसी कंट्रोलरचंही तसंच. एक्सपीला एनटीएफएस वाचता येतं, पण तिथे अडतं दुसरीकडेच. मोठे पेनड्राइव्ह, ६४ जीबी आणि त्यावरचे, बहुधा एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट होऊन येतात. एक्सफॅट आलं २००६ मध्ये, आणि एक्सपीसाठी त्याचा अपडेट आला जानेवारी २००९ मध्ये. शेडमधल्या कुठल्या पीसीने तो अपडेट पाहिलाय? तिथे पेनड्राइव्ह लावला की एक्सपी विचारतं, ‘डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आत्ता करू का?’ रात्रपाळीचा ऑपरेटर ‘येस’ दाबतो, मग ‘स्टार्ट’, आणि ऑफिसमधून आणलेले सगळे प्रोग्रॅम जातात. सकाळी सगळे म्हणतात, ‘एक्सपीवर पेनड्राइव्ह चालत नाही, डेटा खातो’. मेसेज जन्माला येतो तो असा. तिथे ‘नो’ दाबायचं, पेनड्राइव्ह ऑफिसच्या पीसीवर न्यायचा, फाइली बाजूला काढायच्या आणि फॅट३२ मध्ये फॉरमॅट करायचा.

त्यातही सोपं म्हणजे ८ किंवा १६ जीबीचा पेनड्राइव्ह फक्त मशीनसाठी ठेवावा. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्याय बहुतेक आवृत्त्यांत दिसत नाही, मग लोक घाबरून एनटीएफएस निवडतात. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही, पण मशीनच्या प्रोग्रॅमला त्याचं काय?

पेनड्राइव्ह लावल्यावर टुंग आवाज येतो पण ‘माय कॉम्प्युटर’मध्ये काही दिसत नाही, ही एक्सपीवरची नेहमीची तक्रार. मेसेज याबद्दल गप्प आहे. बऱ्याचदा नेटवर्क ड्राइव्हने पेनड्राइव्हचं अक्षर (ई:, एफ: वगैरे) आधीच घेतलेलं असतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन पेनड्राइव्हला दुसरं अक्षर द्या, लगेच दिसतो. दुसरं कारण म्हणजे कुणीतरी मुद्दाम बंद केलंय. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, सर्व्हिसेसखाली यूएसबीस्टोर आहे, त्यातल्या ‘स्टार्ट’ची किंमत ३ असेल तर चालू, ४ असेल तर बंद. मोठ्या कंपनीच्या आवारातला पीसी असेल तर तिथल्या आयटीवाल्याला विचारल्याशिवाय ४ चे ३ करू नका. पेनड्राइव्हऐवजी बाहेरची हार्डडिस्क असेल तर करंट कमी पडतो: २.० चं पोर्ट ५०० मिलिअँपिअरच देतं. स्वतःच्या वेगळ्या अडॅप्टरवर चालणारा यूएसबी हब लावा.

मेसेजमागची एक भीती खरी आहे, ती मान्य. २००८-०९ मध्ये कॉन्फिकर हा व्हायरस पेनड्राइव्हच्या ऑटोरनमधूनही (लावताच प्रोग्रॅम आपोआप चालू होण्याच्या सोयीतून) पसरला होता. पेनड्राइव्हवरचं ऑटोरन बंद करणारा एक्सपीचा अपडेट मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०११ मध्ये सगळ्यांना पाठवला. तो नसेल तर मशीनच्या पीसीवर ऑटोरन हाताने बंद करा, तो पीसी इंटरनेटला जोडू नका, आणि मशीनचा पेनड्राइव्ह पोराच्या गाण्यांसाठी घरी नेऊ नका.

राहिला ‘पीसी भंगारात काढा’. काढा, पण आधी केबिनेट उघडून बघा. बऱ्याच शेडमध्ये ९८ टिकून आहे ते हौसेने नव्हे; आत मशीनशी बोलणारं जुन्या पद्धतीचं आयएसए कार्ड असतं, मागे पॅरलल पोर्टला सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, असतो. नव्या पीसीला आयएसए स्लॉट नाही, म्हणजे पीसीबरोबर मशीनचा कंट्रोलही बदलायचा, आणि तो खर्च मेसेज लिहिणारा देणार नाही.

ज्या मशीनवर नुसतं डॉस आणि फ्लॉपी आहे, तिथे फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा गोटेकसारखा एम्युलेटर मिळतो. ३४ पिनांची तीच केबल, पुढे पेनड्राइव्हची खाच, आणि मशीनला आत १.४४ एमबीची फ्लॉपीच आहे असं वाटतं. ९८ च्या पीसीत लॅन कार्ड असेल तर पेनड्राइव्हचीही गरज नाही. फोल्डर शेअरिंगच्या नादी मात्र लागू नका: नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये २०१७ च्या १७०९ आवृत्तीपासून शेअरिंगची जुनी पद्धत, एसएमबी १, मुळात चालू नसते, आणि ती मुद्दाम चालू करणं म्हणजे वॉनाक्राय व्हायरसने वापरलेलं दार उघडणं. ऑफिसच्या पीसीवर एफटीपी सर्व्हर (नेटवर्कवरून फाइली देणारा प्रोग्रॅम) बसवा आणि ९८ च्या डॉस खिडकीतून एफटीपीने फाइल ओढा. ती आज्ञा त्यात आधीपासून आहे, वेगळा ड्रायव्हर लागत नाही.