'झेपेल तेवढंच दुःख देतो' हे नेमकं कुठे लिहिलंय?

तो मेसेज परत फिरतोय. 'देव झेपेल तेवढंच दुःख देतो, ज्याच्यावर जास्त प्रेम त्याला जास्त दुःख, रडू नका, गपचूप सहन करा, विश्वास वाढेल' आणि खाली बायबलचं वचन, 1 करिंथ 10:13 (करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र). मीपण एकदोघांना पाठवलाय, कबूल आहे. पण तो अख्खा अध्याय वाचा की एकदा.

तिथे आजारपण, जवळच्याचं मरण असल्या दुःखाचा विषयच नाहीये. इस्राएल लोक रानात मूर्तिपूजेत, व्यभिचारात कसे घसरले ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल सांगतोय आणि पुढचंच वचन आहे मूर्तिपूजेपासून पळा, म्हणजे 'परीक्षा' ही मोहाची, आणि त्यातून निसटायला देव वाट ठेवतो एवढंच म्हणणं आहे. दुःख मापून देतो असं कुठाय?

उलट तोच पौल 2 करिंथ 1:8 मध्ये लिहितो की आसियात (आजच्या तुर्कस्तानातला रोमन प्रांत) आमच्यावर शक्तीबाहेरचं ओझं पडलं, जगू असं वाटेना. शक्तीबाहेरचं! आणि ते कशाला, तर आम्ही स्वतःवर न विसंबता मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर विसंबावं म्हणून. मेसेज म्हणतो तू स्ट्राँग आहेस म्हणून तुझ्यावर आलं, पौल म्हणतो आमची ताकद संपली.

जास्त प्रेम जास्त दुःख, हे बायबलमधल्याच इब्री 12 वरून ताणलेलं दिसतंय. तिथे बाप मुलाला वळण लावतो असं आहे, पण दुःखावरून प्रेम मोजा असं नाही. येशूच्या काळी शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली, येशूने त्यांना ना जास्त पापी म्हटलं ना जास्त लाडकी.

आता 'रडू नका'. 1 करिंथ 10 मध्येच कुरकुर करू नका असं आहे खरं, पण देवाकडे पाठ फिरवून केलेली कुरकुर वेगळी आणि देवासमोर रडणं वेगळं. बायबलमधलं स्तोत्र 88, म्हणजे देवाकडे केलेला आक्रोश, तर अंधारातच संपतं. मुलंबाळं, तब्येत सगळं गमावलेल्या ईयोबाने देवाला इतके प्रश्न विचारले आणि शेवटी देव रागावला कोणावर, तर त्याला उपदेश करणाऱ्या मित्रांवर! येशू स्वतः मित्राच्या, लाजराच्या कबरेपाशी रडला, अटकेआधी गेथशेमाने बागेत हा दुःखाचा प्याला टळू दे म्हणाला.

आणि गपचूप सहन करा हे तर सगळ्यात धोकादायक, कारण घरात मार खाणाऱ्या बाईलाही हेच 'तुझा क्रूस आहे' म्हणून ऐकवलं जातं. पौलाला फटके मारायला बांधलं तेव्हा त्याने सरळ आपलं रोमन नागरिकत्व पुढे केलं आणि मार चुकवला (प्रेषितांची कृत्ये 22). टाळता येणारं दुःख टाळलं म्हणून त्याचा विश्वास कमी झाला का?

संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा, हे रोम 5 मध्ये आहे आणि मी ते मानतो. पण ते आपोआप होत नाही, दुःखाने कडवट झालेली माणसं सगळ्यांनीच पाहिलीयेत. पौल मासेदोनियात आतून बाहेरून पिचला होता तेव्हा देवाने त्याला धीर दिला तो त्याचा सहकारी तीत (टायटस) तिथे पोचला म्हणून, असं तोच 2 करिंथ 7 मध्ये लिहितो. मेसेज पाठवण्याआधी त्या माणसाला भेटायला जाता येतंय का बघा.