अवांतर

मी सहावीत असताना माझे प्रगतिपुस्तक वडिलांच्या हाती देत आमचे वर्गशिक्षक गंभीरपणे म्हणाले, "मुलगा हुशार आहे, पण अवांतर वाचन फार आहे." त्यावर वडिलांचा चेहरा असा झाला, की जणू डॉक्टरांनी माझ्या यकृताला सूज असल्याचे त्यांना सांगितले होते. घरी आल्यावर त्यांनी आईला तेच निदान ऐकवले आणि त्या रात्री माझ्या अंथरुणाची, दप्तराची व तांदळाच्या डब्यामागच्या जागेची झडती होऊन वाचनालयाची दोन पुस्तके जप्त झाली.

अवांतर म्हणजे मुख्य विषय सोडून केलेले. मुख्य विषय कोणता, हे मला शाळेत कधी नीट कळले नाही. पण जे वाचताना मजा येते ते अवांतर, एवढी खूणगाठ मी तेव्हाच बांधली आणि ती पुढे एकदाही खोटी ठरली नाही.

जप्तीनंतर मी भूगोलाचा आश्रय घेतला. नकाशांमुळे भूगोलाचे पुस्तक आकाराने ऐसपैस असते आणि वाचनालयातली कादंबरी त्याच्या पोटात अगदी बेमालूम बसते. इतिहासाचे पुस्तक या कामी तोकडे पडते, कारण त्याच्या वरच्या कडेतून कादंबरी बोटभर डोकावते. एवढी काळजी घेऊनही मी पकडला गेलो, तो दोन चुकांमुळे. एक तर भूगोल वाचणारा मुलगा अर्ध्या मिनिटाला पान उलटत नाही. आणि दुसरे म्हणजे कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्या महाबळेश्वरी उगम पावतात, हे वाचताना कोणाच्या कपाळावर घाम येत नाही. माझ्या कपाळावर तो आला होता, कारण भूगोलाच्या आत त्या वेळी खुनी माणूस जिना चढत होता. पुढे मी एकेका पानावर मुद्दाम दोन-दोन मिनिटे थांबायला शिकलो. हे इतके सावकाश वाचन मला कोणत्याही शिक्षकाने शिकवले नसते.

या उलट मराठीचा तास होता. आमचे सर धडा शेवटून सुरू करीत, म्हणजे आधी स्वाध्याय घेत आणि मग त्यातल्या प्रश्नांची उत्तरे धड्यात कुठे दडली आहेत ते दाखवत. "पेन्सिली काढा. 'म्हातारी उठली' इथून 'हात पसरणार नाही' इथपर्यंत कंस करा, हे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर." साठ पेन्सिली एकदम कागदावर फिरत आणि वर्गात उंदीर धान्य कुरतडत असल्यासारखा आवाज होई. कंसात जे आले ते पाठ करायचे; कंसाबाहेर जे राहिले त्याकडे सरांनी, आम्ही आणि परीक्षा मंडळाने एकमताने पाठ फिरवलेली असे. त्यामुळे त्या म्हातारीच्या धड्यातली म्हातारी स्वाभिमानी होती, कष्टाळू होती आणि तिच्यापासून आपण बोध घ्यावा, हे मी आजही झोपेतून उठून सांगू शकतो. पण तिचे पुढे काय झाले, ते कंसाबाहेर असल्यामुळे मला ठाऊक नव्हते.

१९९३ साली आमच्या साताऱ्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. गावभर कमानी उभारल्या होत्या, आणि राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत ज्याच्या हातात पिशवी आहे तो प्रत्येक माणूस मला लेखक वाटत होता. सरांनी लगेच 'मी पाहिलेला साहित्यसोहळा' या विषयावर निबंध लिहायला सांगून फळ्यावर सात मुद्दे दिले. मुद्दे इतके परिपूर्ण होते, की मंडपात जाण्याचे काही प्रयोजनच उरले नाही. अध्यक्षांच्या भाषणाने मी कसा भारावून गेलो, ते मी घरी बसून पानभर लिहिले आणि दहापैकी आठ गुण मिळवले. (दोन गुण शुद्धलेखनाचे गेले. 'भारावून'मधला 'वू' मी ऱ्हस्व काढला होता.)

आता माझी पंचेचाळिशी उलटली आहे. पुस्तके विकत घेण्याइतके पैसे आहेत, आरामखुर्ची आहे, खुर्चीमागे दिवा आहे, आणि रविवारी दुपारी "तुम्ही वाचत बसा निवांत, मी कोणाला येऊ देत नाही" असे म्हणणारी बायको आहे. नेमके इथेच सगळे बिघडते. परवानगी मिळालेले पुस्तक मला वाचवत नाही. तिसऱ्या पानावर माझा हात आपोआप पेन्सिल शोधू लागतो, नायिका रडू लागली की 'कोण कोणास म्हणाले' हे मनात ठरू लागते, आणि पाऊस पडला की त्याचे काव्यसौंदर्य किती गुणांना येईल याचा हिशेब सुरू होतो. कचेरीत मात्र आवक-जावक नोंदवहीत दडवून मी गेल्या वर्षी तीन जाडजूड कादंबऱ्या संपवल्या. माझी दहावीतली मुलगी या बाबतीत माझ्याही पुढे गेली आहे. तिच्या कृतिपत्रिकेत 'स्वमत' नावाचा प्रश्न असतो. "तुझे मत काय आहे?" असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, सर उद्या सांगणार आहेत."

शेवटी बायकोने उपाय काढला आणि एका रविवारी आम्ही वाईवरून पसरणीचा घाट चढून पाचगणीजवळच्या भिलारला गेलो. ४ मे २०१७ पासून हे स्ट्रॉबेरीचे गाव पुस्तकांचे गाव झाले आहे. कुणाच्या ओसरीवर कथा, कुणाच्या माजघरात चरित्रे, कुणाच्या पडवीत कविता असा मांड आहे आणि कोणत्याही घरात शिरून हवे ते पुस्तक फुकट वाचता येते. कल्पना सुंदर आहे आणि ती माणसेही लाघवी आहेत; दोष संपूर्णपणे माझा होता. ज्या घरात जावे तिथे "बसा की, वाचा निवांत" असे म्हणून सतरंजी अंथरली जाई, आणि मी पर्यवेक्षकासमोर बसलेल्या विद्यार्थ्यासारखा घड्याळाकडे पाहू लागे. चार तासांत मी सहा घरे फिरलो, विनोदी पुस्तकाची दीड पाने वाचली आणि एकदाही हसलो नाही. बायकोने चरित्र निम्मे संपवले.

परतताना संध्याकाळी वाईच्या घाटावर दहा रुपयांच्या भाजलेल्या शेंगा घेतल्या. अर्ध्या संपल्यावर पुडीच्या कागदाकडे लक्ष गेले, आणि मी घाटाच्या पायरीवर मटकन बसलो. आमचीच म्हातारी! कोणीतरी तीस वर्षांनी माळा आवरला असावा. कागदावर पेन्सिलचे कंस होते, तेही अगदी आमच्याच जागी. मी कंस सोडून वाचू लागलो. कंसाबाहेर ती स्वाभिमानी म्हातारी भिंतीला कान लावून शेजारणीचे भांडण ऐकत होती, सुनेच्या ट्रंकेतली तपकिरीची डबी चोरत होती आणि चोरी उघडकीला येऊ नये म्हणून मांजरावर आळ घेत होती. मी इतक्या मोठ्याने हसलो, की कृष्णेत हातपाय धुणारी माणसे वळून पाहू लागली. तेवढ्यात सून दारात आली आणि पान संपले.

मी शेंगावाल्याकडे धावलो. तो म्हणाला, "पाव्हणं, आणखी धा रुपयाच्या घ्या, निघालं तर निघालं पुढचं पान." दुसऱ्या पुडीत वर्गमुळे निघाली, तिसऱ्या आणि चौथ्या पुडीत एकाच लग्नाची निमंत्रणपत्रिका निघाली. "अहो, रात्री खोकत बसाल," असे बायको बजावत होती. पाचव्या पुडीत सून सापडली. मी बायकोकडे पाठ करून, दिव्याच्या खांबाआड उभा राहून ते पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचले.

खाली स्वाध्याय होता. पायरीवर टरफलांचा ढीग पडला होता, आणि शेंगा सर्वस्वी मीच खाल्लेल्या असल्यामुळे ती न उचलण्याचा अधिकार मला नव्हता. मी तेवढा स्वाध्याय रेघेवरून नीट फाडला. सगळी टरफले त्यात व्यवस्थित मावली.