कपाशीचं भांडण डाळिंबाच्या बागेत नको

सांगोल्याकडच्या आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जीएमचा, म्हणजे जनुकं बदललेल्या पिकांचा, विषय निघाला की गाडी थेट कपाशीवर जाते. मामा अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीरची २०१९ ची आठवण काढतात. शेतकरी संघटनेने तिथे बंदी असलेलं एचटीबीटी, म्हणजे तणनाशक सोसणारं जीएम कपाशीचं बियाणं, उघडपणे पेरलं होतं. लगेच मामेभाऊ म्हणतो, कंपन्या बियाण्यासाठी दरवर्षी दारात उभं करतील. दोघांच्याही शेतात कपाशीचं एक बोंड नाही. आहे ते डाळिंब, आणि त्यावर तेल्या, हा जिवाणूंमुळे होणारा रोग.

मी राहतो न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजला. इथलं गाजलेलं जीएम झाड कुठल्या कंपनीचं नाही, सरकारी वनशास्त्र महाविद्यालयाचं आहे: अमेरिकन चेस्टनट, इथल्या जंगलातलं झाड. आशियातून आलेली एक बुरशी १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात दिसली आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत तीन-चार अब्ज झाडं गेली. मुळं मात्र काही ठिकाणी अजून जिवंत आहेत. जंगलात बुंध्यातून फुटवे येतात, मनगटाएवढे होतात, मग साल उभी फाटते, तिच्यावर नारिंगी पुटकुळ्या येतात आणि वरचं सगळं वाळतं. महाविद्यालयाने त्यात गव्हाचं एक जनुक घातलं. बुरशी जे ऑक्झॅलिक आम्ल सोडते त्याचं ते विघटन करतं, बुरशीला मारत नाही. पोळीतून आपण खातो तोच गहू. त्यामुळे जीएम म्हणजे ‘विष कालवलं’ वगैरे मला पटत नाही.

कंपनीची भीतीही डाळिंबाच्या बाबतीत निम्मी होते. ते बियाण्यावर चालत नाही. फांदीला गुटी बांधून मुळं फुटवली की एका झाडाची शंभर होतात.

खरी भानगड वेगळीच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये कळलं की या जीएम चेस्टनटचा ‘डार्लिंग ५८’ हा वाण म्हणून वर्षानुवर्षं तपासलेली झाडं प्रत्यक्षात ‘डार्लिंग ५४’ या दुसऱ्याच वाणाची होती. प्रयोगशाळेतच अदलाबदल झाली होती. शिवाय वाढ आणि रोगाला तोंड देण्याची ताकद अपेक्षेएवढी नव्हती. हे झाड परत आणू पाहणाऱ्या अमेरिकन चेस्टनट फाउंडेशन या संस्थेने पाठिंबा काढून घेतला. महाविद्यालयाने काम सोडलं नाही.

कपाशीचं बियाणं फसलं तर एक हंगाम जातो. बाग फसली तर लागवड, ठिबक आणि दोन-तीन वर्षांची मेहनत मातीत. शास्त्रज्ञांच्या हातून अशी चूक होत असेल, तर आपल्याकडच्या नर्सरीत डाळिंबाचा ‘भगवा’ वाण म्हणून काय गळ्यात पडतं ते बागायतदारांना विचारा. वर पक्कं बिल मागितलं की नर्सरीवाला हसतो.

म्हणून माझं मत असं: सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने तेल्याला तोंड देणारं जीएम झाड करायला घ्यावं, बंदिस्त चाचणीही व्हावी. पण ज्यापासून रोपं करतात त्या प्रत्येक मातृवृक्षाची डीएनए तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेत व्हावी, आणि रोप दुसरंच निघालं तर भरपाई कोण देणार ते परवान्यातच लिहावं.

मामेभाऊ म्हणतो, तिकडे बसून बोलायला काय जातं, तोवर बोर्डो, स्ट्रेप्टोसायक्लिनसारख्या फवारण्यांचं बिल कोण भरणार? त्याचं खोटं नाही. पण भरपाईची अट त्याच्याच फायद्याची आहे, आणि ग्रुपवर तिच्याबद्दल अजून कुणी अवाक्षर काढलेलं नाही.