गाठीला पैसे आहेत, म्हणून मदत नाही

लाडकी बहीण योजनेची छाननी सुरू झाल्यापासून आमच्या गावाकडच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एकच सूर आहे: खऱ्या गरजूलाच द्या. अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा आहे, दारातली चारचाकी बघतात, मग बँकेतल्या ठेवीही का बघू नयेत? आणि कुणीतरी हमखास लिहितं, इंग्लंडमध्ये बघा, सगळं कसं काटेकोर असतं. तो काटेकोरपणा मी इथे जवळून बघते. घरात अपंग माणूस असेल तर तो कसा अंगावर येतो, ते सांगायला हवं.

इथे घरपट्टीच्या जागी कौन्सिल टॅक्स असतो. इंग्लंडमध्ये 1991 सालच्या किमतीवरून घरांचे ए ते एच असे बँड, म्हणजे गट, पाडलेत आणि कर सहसा राहणाऱ्यालाच भरावा लागतो, भाडेकरू असला तरी. कमी उत्पन्न असेल तर कौन्सिल, म्हणजे इथली स्थानिक पालिका, सूट देते. 2013 पर्यंत तिचा नियम देशभर एकच होता. आता पेन्शनच्या वयाखालच्या लोकांसाठी प्रत्येक कौन्सिल आपापला नियम करते. बऱ्याच ठिकाणी बचतीची मर्यादा 16,000 पौंड आहे, काही ठिकाणी 10,000 आणि काही ठिकाणी जेमतेम 6,000. राहतं घर वगळतात, पण गावाकडे नावावर असलेला फ्लॅट किंवा जमीन बचतीत धरली जाते. आपल्यातल्या पुष्कळांना हे माहीत नसतं.

अपंगत्वासाठी इथे पिप नावाचा भत्ता आहे. तो देताना उत्पन्न विचारत नाहीत, बचतही विचारत नाहीत. अंघोळ, स्वयंपाक, चालणं या गोष्टी जमतात की नाही, एवढंच बघतात. कौन्सिल टॅक्सच्या सवलतीतही बहुतेक ठिकाणी पिप उत्पन्नात धरत नाहीत. इथवर सगळं ठीक. पण त्याच भत्त्यातून महिन्याकाठी थोडं बाजूला टाकलं की ती रक्कम बचत होते आणि मर्यादेत मोजली जाते. म्हणजे आलेला पैसा खर्चून टाकला तर सूट, जिन्याला लावायच्या खुर्चीसाठी साठवला तर नाही.

ओळखीच्या एका घरात हेच झालं. पक्षाघातानंतर नवऱ्याची नोकरी गेली, बायको अर्धवेळ काम करते. खाती तपासली तेव्हा बचत 16,000 च्या थोडी वर निघाली आणि अर्ज फेटाळला. पत्रात नकाराचं कारण होतं, दुसरा मार्ग मात्र सांगितला नव्हता. तो मार्ग त्यांना एका धर्मादाय संस्थेतल्या बाईंनी दाखवला. अपंग माणसासाठी घरात जादा न्हाणीघर किंवा खोली लागत असेल, किंवा आत व्हीलचेअर फिरवायला जागा ठेवावी लागत असेल, तर कराचा हिशोब एक बँड खाली येतो. यांनी तळमजल्यावरच्या जेवणाच्या खोलीत शॉवर बसवला होता. कौन्सिलचा माणूस येऊन बघून गेला आणि बिल डी ऐवजी सी बँडचं झालं, म्हणजे नववा हिस्सा कमी. पासबुक कुणी मागितलं नाही.

मला ही दुसरी पद्धत न्याय्य वाटते. अपंगत्वाचा खर्च बचत बघून थांबत नाही. उलट बचत असते ती त्याच खर्चासाठी: उद्या व्हीलचेअरची बॅटरी जाईल, सांभाळणारी बायको आजारी पडेल. 16,000 ची ती मर्यादा निदान 2006 पासून जागची हललेली नाही, महागाई मात्र कुठल्या कुठे गेली. मुद्दाम पैसे मुलांच्या नावावर केले तर कौन्सिल ते अजून तुमचेच आहेत असं धरू शकते, आणि ते योग्यच आहे. पण प्रामाणिकपणे पै-पै साठवणाऱ्याला त्याच तागडीत का घालायचं?

महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेसाठी अपंगांच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांच्या आत लागतं. महिन्याला चार-सव्वाचार हजार. मजुरी करणारं घरही या मर्यादेत बसत नाही, म्हणून तहसीलच्या आवारात हवा तसा उत्पन्नाचा दाखला मिळवण्याची धडपड चालते. त्यावर आता ठेवींची अट लादली तर लोक पैसे बँकेतून काढून घरात ठेवतील, पतपेढीत दुसऱ्याच्या नावावर टाकतील, आणि ज्याला हे जमत नाही तो एकटा अडकेल.

इंग्लंडकडून घ्यायचंच असेल तर पिपचा आणि त्या बँडचा नियम घ्या. 2016 च्या कायद्याने आपल्याकडे अपंगत्वाचं प्रमाणपत्र आहे, यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं ओळखपत्र, आहे. ते कार्ड दाखवल्यावर घरपट्टीत सूट द्यायला महापालिकेने पासबुक कशाला मागायचं? आणि अर्ज फेटाळलाच, तर त्याच पत्रात दुसऱ्या कोणत्या सवलती मिळू शकतात ते मराठीत लिहून द्यावं. इथल्या कौन्सिलकडेही माझी मागणी हीच आहे.