काठी काय, कुणीपण हलवतंय म्हणे

परवापासून आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एक रील फिरायलंय. ऑर्केस्ट्रापुढं, म्हणजे पाश्चात्त्य संगीताच्या मोठ्या वाद्यवृंदापुढं, कोटवाला एकजण काठी हलवतोय आणि खाली लिहिलंय, वादक कागद बघून वाजवतात, ह्याच्याकडं कोण बघतंय, आरशासमोर रेकॉर्ड लावून आठवडाभर हात हलवला की कुणीपण कंडक्टर. त्यावर निपाणी गाडीच्या कंडक्टरचे जोकपण झाले, ते चालायचंच.

आधी आरसा घेऊ. रेकॉर्ड लावली की आपण सुरांच्या मागनं पळतो, खरं कंडक्टरचा हात सुराच्या आधी जायला लागतो. गणपतीत झांजपथकापुढं शिट्टीवाला पोरगा बघा की, हात आधी वर, दणका नंतर. बीथोवनची पाचवी सिंफनी तर अर्ध्या मात्रेच्या गप्प जागेनं सुरू होते, म्हणजे खूण द्यायची शांततेला आणि तेवढ्यातनं अख्ख्या ऑर्केस्ट्राला वेग कळला पाहिजे. म्हणून शिकणारी पोरं रेकॉर्ड बंद करून एकेका वाद्याची ओळ स्वतः गातात, आणि रोज ऑर्केस्ट्रा कोण देणार, म्हणून क्लासात दोन पियानोवाल्यांना समोर बसवून हात चालवतात. फिनलंडचे कंडक्टिंगचे शिक्षक योर्मा पानुला तर व्हिडिओ काढून पोरांना त्यांचेच हात बघायला लावायचे.

आता कागद. वादकासमोर फक्त त्याचीच ओळ असते हो! सगळ्यांच्या ओळी एकत्र कंडक्टरकडं, आणि त्या मनातल्या मनात ऐकू यायला पाहिजेत. ओळखीचे एक काका लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे, त्यांनी कागदावरचा सी हा सूर वाजवला, मी कीबोर्डवर सी दाबला, जुळेचना, शेवटी बी फ्लॅटवर जुळलं. एफ हॉर्न ह्या पितळी वाद्याचा सी म्हणजे परत एफ, म्हणजे कागदावर एक सूर आणि कानाला दुसराच. असल्या वीसेक ओळी एकदम वाचायच्या, आठवड्यात कुठलं जमतंय.

मुंबईचे नावाजलेले कंडक्टर झुबिन मेहता १९५४ ला व्हिएन्नाला गेले, तिथले कंडक्टिंगचे गुरू स्वारोव्स्कींकडं शिकले, डबल बास हे मोठं तंतुवाद्य वाजवलं, आणि मोठ्या कंडक्टरांच्या तालमी बघायला मिळाव्यात म्हणून कोरसमध्ये गायलेसुद्धा.

एक मात्र मान्य, कंडक्टरशिवाय चालतं. न्यूयॉर्कचा ऑर्फियस १९७२ पासून तसाच वाजवतोय, खरं तो छोटा ग्रुप, आणि वेग किती, कुणी कधी शिरायचं हे तालमीत वादकच ठरवतात.

तरी पटत नसेल तर उजव्या हातानं तीन मात्रा आणि तेवढ्याच वेळात डाव्यानं दोन धरून बघा. मी काल धरल्या, चौथ्या फेरीला दोन्ही हात एकच करायला लागले, घरातली अजून हसायलीत.