‘कुढणाऱ्यांचं कौतुक’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

कवितेतल्या लपलेल्या नैराश्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहिलं आणि पुसलं. काल पुन्हा लिहिलं, तेही पुसलं. हे तिसरं. तेव्हा मी चिडून लिहितेय असा समज कृपया करून घेऊ नका.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. इंग्रज कवयित्री स्टीव्ही स्मिथ यांच्या बुडणाऱ्या माणसाच्या कवितेचं साल मी 1975 असं टाकलं होतं. ते 1957 हवं. आकडे उलटे पडले, चूक माझीच. दुरुस्त केली आहे, आभार. (‘किमान सालं तरी तपासत जा’ यातल्या ‘किमान’ची गरज नव्हती, पण असो.)

आता ते वाक्य. बाकीच्या वाचकांसाठी जसंच्या तसं देते: “सगळं काही असलेल्या माणसाने कुढत बसायचं आणि कवींनी त्याच्या कुढण्याला टाळ्या मिळवून द्यायच्या, हा उद्योग आता पुरे” आणि पूर्णविरामाच्या जागी एक हसरा चेहरा.

‘कुढत बसायचं’ हे तुम्ही सहज लिहून गेला असाल. पण आपल्या भाषेत ‘बसणं’ असं मागे जोडलं की माणूस आपोआप रिकामटेकडा ठरतो. रडत बसला, कुढत बसला, विचार करत बसला. म्हणजे उठला की झालं! मी ज्यांच्याबद्दल लिहिलं ते लोक बसलेले नसतातच हो. ते वेळेवर कामाला येतात, दुसऱ्याच्या विनोदाला पहिले हसतात, निरोपाला उत्तर द्यायला उशीर करत नाहीत. म्हणून तर ते कुणाच्या लक्षात येत नाहीत. लेखाच्या शीर्षकातच ‘लपलेलं’ हा शब्द होता. तुम्ही शीर्षकाच्या पुढे वाचलंत, याबद्दल मला शंका नाही. शीर्षक वाचलंत का, एवढंच विचारते.

मीही बसले नव्हते. हे खासगी आहे, लेखात मुद्दाम टाळलं होतं, पण तुम्ही भाग पाडलंत. एक काळ असा होता की ऑफिसात कुणाचाही वाढदिवस असला की चार गमतीच्या ओळी जुळवायचं काम माझ्याकडे असायचं. अकरा महिने मी त्या ओळी जुळवत होते आणि त्याच अकरा महिन्यांत रोज पहाटे तीनला जागी होऊन छताकडे बघत होते. लिफ्टमध्ये आरसा होता. तिसऱ्या मजल्यापर्यंत चेहरा जसा असेल तसा राहू द्यायचा. तिसरा गेला की गाल वर ओढायचे, भुवया थोड्या सैल सोडायच्या, आणि चौथ्यावर दार उघडलं की ‘काय मग, मंडळी!’ एक सहकारी म्हणाली होती, “तुला बघितलं की दिवस चांगला जातो.” ती मनापासूनच म्हणाली होती. त्या दिवसापासून तिचा दिवस चांगला घालवणं हे आणखी एक काम माझ्या अंगावर पडलं. माझ्याकडेही ‘सगळं काही’ होतं. यादी हवी असेल तर देते.

तर, ‘सगळं काही असलेला माणूस’. अमेरिकन कवी एडविन आर्लिंग्टन रॉबिन्सन यांची रिचर्ड कोरी नावाच्या माणसावरची कविता तुम्ही एका ओळीत निकालात काढलीत: श्रीमंताचे चोचले. 1897 च्या संग्रहातली ती अवघी 16 ओळींची कविता. देखणा, सभ्य, गडगंज माणूस. शेवटच्या ओळीत तो स्वतःला संपवतो. पण ती कविता बोलतंय कोण, हे बघितलंत का? तो नाही. ‘आम्ही’ बोलतो. फुटपाथवर उभे राहून त्याच्याकडे बघणारे, घरात खायची ददात असलेले आम्ही. 16 ओळींत त्याच्या मनात काय चाललंय याची एक ओळ नाही, कारण ‘आम्हां’ला ते माहीतच नाही, आम्हाला फक्त त्याच्या जागी असायचं होतं. टाळ्या कुणाला आहेत यात? चपराक आहे, आणि ती बघणाऱ्यांना आहे. स्मिथ यांची कविताही 12 ओळींत तेच करते. माणूस हात हलवतोय, काठावरच्यांना वाटतं गंमत चाललीय. तो मेल्यावरही ते म्हणतात, याला मस्करीची सवयच होती, पाणी गार लागलं असेल बिचाऱ्याला. कविता दुःख उकरून काढत नाही, दुरून बघणारे त्या हाताचा काय अर्थ लावतात ते दाखवते. माझा लेख याच्यावर होता.

आणि बालकवी. ‘शाळेत आम्ही आनंदी आनंद शिकलो, तुम्ही त्यांच्यातही रडगाणं शोधलंत’ असं तुम्ही लिहिलंय. मी काही शोधलेलं नाही. ‘उदासीनता’ ही कविता त्यांचीच आहे. (कवितेत तो खिन्नतेसाठी आहे, आज हा शब्द आपण ‘प्रशासनाची उदासीनता’ असा बेपर्वाईसाठी वापरतो, म्हणून शीर्षक वाचूनच लोक चुकतात.) त्या कवितेचा पहिला शब्द आहे ‘कोठुनि’. हे येतं कुठून, तेच कळत नाही, काहीतरी बोचतंय पण काय ते समजत नाही. कवी कारण देत नाही, कारण त्याच्यापाशी ते नाहीच. पहाटे तीनला मला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न हाच होता की कारण काय सांगू? काही झालेलं नव्हतं. मग एका माणसाने, तेही आनंदाचा कवी म्हणून ज्याला आपण ओळखतो त्याने, कारण न देता लिहिलेलं वाचलं आणि पहिल्यांदा वाटलं की कारण नसतानाही बोलता येतं. दुसऱ्या दिवशी त्याच सहकारीला सांगितलं. त्यानंतर डॉक्टर, गोळ्या वगैरे झालं, तो भाग वेगळा. 1890 ला जन्मलेला हा कवी 1918 मध्ये, अठ्ठावीस पूर्ण व्हायच्या आत, रेल्वेखाली गेला. त्या मृत्यूवरून कवितेचा अर्थ लावायचं मी लेखात टाळलं होतं. तुम्ही मात्र ‘शेवटी काय झालं त्यांचं?’ असं विचारून तेच केलंत. हे मला आवडलं नाही, स्पष्टच सांगते.

‘हे सगळं पाश्चात्त्यांचं फॅड’ यावर फार लिहीत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात 33 व्यभिचारी भाव, म्हणजे मनात येऊन जाणारे भाव, आहेत, त्यात एकाचं नाव ‘अवहित्था’. मनातलं चेहऱ्यावर उमटू न देणं. लाजेने, भीतीने. याच ग्रंथात हसण्याचे 6 प्रकारही सांगितलेत. तुमच्या प्रतिक्रियेच्या शेवटचा चेहरा त्यातल्या ‘उपहसित’च्या जवळचा वाटतो.

राहिला तुमचा तो मोठा परिच्छेद: अशा लेखांमुळे लोक उपचारांऐवजी कवितेत रमतात, लेखात एकदाही डॉक्टरांकडे जा असं लिहिलेलं नाही, इत्यादी. लेख कवितेवर होता. डॉक्टरांकडे जाऊ नका असं मी कुठे म्हटलं? आणि ‘मग हसणारे सगळेच दुःखी का?’ नाही. तसं लिहिलेलंच नाही, पुन्हा वाचा.

तुमची प्रतिक्रिया उडवा असं दोघांनी कळवलं. उडवलेली नाही, उडवणारही नाही. पुढच्या आठवड्यात दुसरा भाग येतोय, त्यातली सालं दोनदा तपासेन. त्याखाली जरूर लिहा, हवं तितकं कडक लिहा. फक्त शेवटी तो चेहरा लावू नका.