सही म्हणजे नुकसानच, असं नाही

बेसबॉल खेळाडूंची चित्रं असलेली जुनी कार्डं संग्राहक जमवतात; अशा कार्डावर खेळाडूची सही घेतली की किंमत पडते, हे एका लेखातलं विधान सरसकट पटत नाही. कार्ड अगदी कोऱ्यासारखं असेल तर खरंच त्याला पेन लावू नका, कळकळीची विनंती! पण कोपरे झिजलेल्या कार्डाला अस्सल सहीच वर काढते. शिवाय खेळाडूने किती सह्या केल्या तेही बघायला हवं. बेसबॉलपटू मिकी मँटलने निवृत्तीनंतर वर्षानुवर्षं सह्या दिल्या. रॉबर्टो क्लेमेंटे मात्र ३१ डिसेंबर १९७२ रोजी विमान अपघातात गेला, त्यामुळे टॉप्स कंपनीच्या १९५५च्या कार्डावर त्याची सही मिळणं फार अवघड. अशा दुर्मिळ सह्यांच्या नकलाही होतात, म्हणून तज्ज्ञांच्या पडताळणीशिवाय पैसे मोजू नका. आणि सही केलेलं कार्ड उन्हात ठेवू नका, शाई उडते.